नखुरडं झालंय? सेफ्टी पिन शोधा!

मागच्या महिन्यात माझ्या उजव्या अंगठ्याला नखुरडं झालं. आमच्या रामबागेत, म्हणजे इंदूरच्या, नखुरडं खासगी राहत नाही. पोह्यांच्या ठेल्यावर चौघांनी ते दाबून पाहिलं आणि पाच उपाय सांगितले. तेच ज्ञान आपल्याला फुकट देतो.

सूज आली की सुजेलाच आजार समजा. रक्तवाहिन्या सैल होतात, त्यांच्या भिंतीतल्या फटींतून न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी अंग चोरून बाहेर पडतात, रसायनांच्या मागावर जिवाणूंना गाठून गिळतात आणि पोटात ब्लीचच्या जातीचं रसायन ओतून मारतात, म्हणून तिथे लाल होतं, ठसठसतं. होऊ दे. अस्थिमज्जा असले शिपाई रोज सुमारे 100 अब्ज तयार करते, आणि तरी साडूभाऊंना काळजी वाटते.

साडूभाऊंनी शर्टाची पिन काढली, काडीवर दोन सेकंद धरली, "आता घाण निघते बघा."

पू म्हणजे घाणच, हे पाठ करा. त्यात लढून मेलेले न्यूट्रोफिल असतात वगैरे सांगणाऱ्यांना हसा. 1882 मध्ये मेच्निकॉफ या शास्त्रज्ञानं इटलीतल्या मेसिनाला तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि पेशी काट्याभोवती गोळा होताना पाहिल्या. 1908 चं नोबेल त्याला विभागून मिळालं. साडूभाऊंनीही टोचलंच. मला मनगटापर्यंत लाल रेघ मिळाली.

रक्ताच्या रिपोर्टात पांढऱ्या पेशी 11,000 च्या वर दिसल्या की "काउंट कमी करायची गोळी द्या" म्हणून हट्ट धरा.

डॉक्टरांनी नीट चीर देऊन पू काढला. "पिन कुणी मारली?" असं विचारलं तेव्हा साडूभाऊ भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. पाच दिवसांची अँटिबायोटिकची गोळी लिहून दिली. आता गोळीचं तंत्र नीट ऐका. औषधवाला म्हणतो, "भिया, पूरा पत्ता क्या करोगे, दो दिन का ले जाओ." तो सांगेल तेच खरं, डॉक्टर काय, नुसते शिकलेले. पूर्ण पत्ता, म्हणजे गोळ्यांची पट्टी, घरी आलाच, तर दोन दिवसांत ठणका थांबला की बंद करायचं आणि उरलेल्या गोळ्या हिंगाष्टकाच्या डब्यात ठेवायच्या. पुढे कुणाला सर्दी झाली की त्याच द्यायच्या. आमच्या मेव्हणीनं पोराला दिल्या! सर्दी होते विषाणूंमुळे, ही गोळी जिवाणूंची, त्या पोराच्या सर्दीचा तिच्याशी संबंध काय? आणि इकडे अर्धवट डोसानं नाजूक जिवाणू मेले, चिवट तेवढे उरले. आता पांढऱ्या पेशींनी एकट्यानं त्यांच्याशी झुंजायचं. पेनिसिलीन शोधणाऱ्या फ्लेमिंगनं 1945 मध्ये नोबेलच्या व्याख्यानातच बजावलं होतं की कमी डोसानं जिवाणू मरत नाहीत, सरावतात. 2014 पासून कितीतरी अँटिबायोटिक्सची विक्री दुकानदारानं रजिस्टरात लिहायची आहे. त्या दुकानात रजिस्टर आहे, त्यावर चहाचा कप ठेवतात.

नाही, आता चेष्टा पुरे. इंदूरकरांनो, ओला कचरा वेगळा, सुका वेगळा करून स्वच्छतेत देशात पहिला नंबर मिरवता ना? मग घरातला तो औषधांचा डबा उघडा. नाव पुसलेल्या, अर्ध्या कापलेल्या पट्ट्या कुणासाठी जपताय, नातवंडांसाठी? डॉक्टरनं पाच दिवस सांगितले तर पाच दिवस घ्या. सर्दीला गोळी मागू नका, दुसऱ्याची तर देऊच नका. गळू दिसलं की बोटं शिवशिवतात, ती खिशात ठेवा.

आणि साडूभाऊ, ती पिन परत शर्टाला लावलीत, मी पाहिलं.