डासाला ‘गोड रक्त’ हुंगता येत नाही

पावसाळ्यात डेंग्यूच्या बातम्या येऊ लागल्या की एक संदेश हमखास फिरतो: ज्याचे रक्त गोड त्यालाच डास चावतात, म्हणून साखर सोडावी, दोन वेळा अंघोळ करावी आणि लसूण खावा, म्हणजे डास जवळ फिरकत नाहीत. या भरवशावर राहून लोक खरी काळजी घेत नाहीत, म्हणून हे सविस्तर खोडून काढणे मला आवश्यक वाटते.

रक्तातले ग्लुकोज हवेत उडत नाही. त्यामुळे दुरून येणाऱ्या डासाच्या मादीला (चावते ती मादीच) त्याचा वास लागणे शक्यच नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्तीच्या मादीला आपला माग लागतो तो उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने आणि त्वचेच्या गंधाने. तिच्या शृंगिकांवरील (डोक्यावरच्या मिशांसारख्या अवयवांवरील) सूक्ष्म केसांत चेतापेशी असतात आणि त्यांच्या पटलात, म्हणजे बाहेरच्या आवरणात, चार प्रथिनांचे मिळून एक दार असते. त्यांतले एक प्रथिन ठरावीक रेणू ओळखते, उरलेली तीन ‘ऑर्को’ नावाची असतात. रेणू खाचेत बसला की दार उघडते, धनभारित आयन आत शिरतात आणि मेंदूकडे संदेश जातो. घामातल्या लॅक्टिक आम्लासाठी मात्र ‘आयआर८ए’ हे निराळ्या कुळातले प्रथिन लागते. ग्लुकोजची चव मादीला कळते खरी, पण सोंडेतली सुई रक्तापर्यंत पोहोचल्यावर, म्हणजे चावा घेतल्यानंतर.

काहींनाच डास जास्त चावतात हा अनुभव खोटा नाही. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील संशोधकांनी लोकांच्या हातांवर घातलेल्या नायलॉनच्या मोज्यांचे तुकडे डासांपुढे ठेवले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ज्यांच्याकडे डास अधिक ओढले गेले त्यांच्या त्वचेवर कार्बॉक्सिलिक आम्ले (त्वचेच्या तेलकट थरातली आम्ले) जास्त आढळली, आणि हा फरक काही वर्षांनीही कायम होता.

अंघोळीने घाम धुतला जातो, उच्छ्वास थांबत नाही. २०१३ सालच्या प्रयोगात ऑर्को निकामी केलेल्या, म्हणजे अनेक गंध न कळणाऱ्या माद्यांनीही कार्बन डायऑक्साइडच्या साथीने माणूस शोधलाच.

लसणाची अमेरिकेत काटेकोर चाचणी झाली. तो खाणाऱ्यांना डास कमी चावल्याचे दिसले नाही. डासांना दूर ठेवणाऱ्या मलमांतल्या ‘डीट’ या रसायनाचे तसे नाही. ऑर्को नसलेल्या माद्या डीटच्या वासाला बधल्या नाहीत, पण डीट लावलेल्या त्वचेवर उतरताच निघून गेल्या, कारण त्यांच्या पायांनाही ते कळते. म्हणून असे मलम उघड्या त्वचेवर सगळीकडे लावावे, आणि एडिस दिवसा चावत असल्यामुळे सकाळीच लावावे.