'सम'वर अडकलेला माणूस

आज पाचवा दिवस. सकाळी ब्रश तोंडात घातला की तो डावी-उजवीकडे फिरतो तो थेट डोक्यात अडकलेल्या 'ऑल स्टार' या इंग्रजी गाण्याच्या ठेक्यावर. जिना उतरतानाही तेच. रात्री दोनला जाग आली, तर बँड आधीच जागा होता.

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या 'स्मॅश माउथ' या बँडचं हे १९९९ चं गाणं. खरी खोड 'समबडी' या पहिल्याच शब्दात आहे. ना ड्रम, ना गिटार; गायक नुसतं 'सम' म्हणतो आणि 'बडी'वर सगळी वाद्यं अंगावर येतात. म्हणजे तोंडाने 'सम' म्हणायचं आणि सम गाठायची 'बडी'वर! पुढचे शब्द मला धड येत नाहीत. त्यामुळे माझ्या डोक्यात गाणं वाजत नाही, फक्त सुरू होतं. पुन्हा पुन्हा सुरू होतं.

२००१ साली 'श्रेक' या ॲनिमेशन सिनेमातला हिरवा राक्षस याच शब्दावर दार ढकलून बाहेर आला, आणि तेव्हापासून गाणं त्याचंच झालं. पुढे इंटरनेटवरच्या रिकामटेकड्यांनी ते उलटंसुलटं केलं, दुसऱ्यांच्या गाण्यांना त्याची चाल चिकटवली. गिटारवादक ग्रेग कॅम्पने ते लिहिलं होतं, इतरांनी हिणवलेल्या पोरांना धीर यावा म्हणून. त्या गाण्याचीच जगाने इतकी टिंगल करावी, याचं मला वाईट वाटतं. वाईट वाटत असतानाही पाय ठेका धरतो, ते सोडा.

उपाय केले. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये सांगितलं होतं की च्युइंगम चघळलं तर डोक्यातलं गाणं कमी होतं. चघळलं. आता जबडाही ठेक्यात चालतो. मग कोणीतरी म्हणालं, अर्धवट गाणंच छळतं, एकदा पूर्ण ऐकून टाक. ऐकलं. सलग चार वेळा. लेक दारातून डोकावून म्हणाली, "बाबा, तुम्ही ठीक आहात ना?"

सोमवारी मात्र कळस झाला. मीटिंगमध्ये तीन वर्षांचे जुने हिशेब जुळवायचा विषय निघाला. सगळे आपापल्या वहीत काहीतरी फार महत्त्वाचं लिहायला लागले. मॅडम म्हणाल्या, "समबडी हॅज टू टेक धिस अप." आणि माझ्या तोंडून, देवाशपथ, माझी परवानगी न घेता, पुढची चाल बाहेर पडली. चांगल्या चार सुरांची.

"अरे वा, तुम्ही घेताय? छान!" मॅडम म्हणाल्या. कोणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

तेव्हापासून मी त्या हिशेबांत बुडालोय. एका पानावर बेरीज चुकली, ती पुन्हा केली, पुन्हा चुकली. चौथ्यांदा लक्षात आलं, आकडे मी ठेक्यात मोजतोय आणि प्रत्येक ओळीत एक मात्रा जास्त धरतोय.

आज पुन्हा मीटिंग होती. माझ्या कामाला जोडीदार द्यायचा होता. मॅडमनी सगळ्यांकडे पाहिलं, "सम..." म्हणाल्या, आणि नेमका त्यांचा फोन वाजला. बोट वर करून त्या बोलत राहिल्या. सगळी खोली त्या 'सम'वर लोंबकळत राहिली. मी दोन्ही ओठ दातांखाली धरले. घाम फुटला. दहा सेकंद. पंधरा.

टेबलाच्या त्या टोकाला आमचे हेड अकाउंटंट बसतात. अठरा वर्षांत त्यांना हसताना कुणी पाहिलेलं नाही. त्यांनी डोळे मिटले आणि खर्जात, अगदी सुरात म्हणाले, "बडी."

मॅडमनी फोन ठेवला आणि त्यांचं नाव लिहून घेतलं.