खावटी लेकराची, मग वसुली मायच्या गळ्यात का?

काल शाळा सुटल्यावर माझ्या वर्गातल्या एका पोरीची माय थांबली. हातात कोर्टाच्या निकालाची झेरॉक्स, घड्या पडून पडून मधे फाटलेली. लेकरासाठी बापाकडून महिना दीड हजार खावटी, म्हणजे पोटगी, मंजूर झालीय. आजपर्यंत एक रुपया आलेला नाही. म्हणाली, "मॅडम, मला वाटलं साहेबानं लिहिलं की पैसे खात्यावर येतेत. कुणाची सही राहिली का बघा."

मी निकालाची तारीख बघितली आणि पोटात गोळा आला. पंधरा महिने होऊन गेले होते. थकलेली खावटी वसूल करायची तर पुन्हा वेगळा अर्ज करावा लागतो, आणि रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत तो केला नाही तर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. म्हणजे पहिल्या तीन महिन्यांचे साडेचार हजार तिच्या हातातून गेल्यातच जमा, आणि ही बाई अजून सहीची वाट बघत होती. तिला हे कुणीच सांगितलं नव्हतं. निकाल लागला त्या दिवशी वकिलानं फीचे उरलेले पैसे घेतले आणि 'झालं तुमचं काम' म्हणाला.

हे मला नवीन नाही. 1996 साली मी सात वर्षांची होते, भाऊ चार वर्षांचा. बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावातून वडील दरवर्षी ऊसतोडीला जायचे. ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, त्याला टोळीचा मुकादम उचलही, म्हणजे कामाआधीचे आगाऊ पैसेही, अर्धीच देतो. माझ्या भावाच्या जन्मानंतर आईची कंबर गेली, मोळी उचलेना. दोन हंगाम ओढाताण झाली आणि तिसऱ्या दसऱ्याच्या आधी वडिलांनी दुसरी बायको केली. आई आम्हाला घेऊन आजोळी आली. गावानं पंच बसवून स्टॅम्प पेपरवर फारकत लिहून घेतली, त्यात 'लेकरांचा खर्च मागणार नाही' असंही लिहिलं. त्या कागदाला कायद्यात किंमत नाही, लेकराचा हक्क माय सोडून देऊ शकत नाही, हे आईला कळायला वर्ष गेलं.

मग केस. मंजूर काय झालं? आईला 150, आम्हाला शंभर-शंभर. एकूण साडेतीनशे. तेव्हा कायद्यातच महिन्याला 500 रुपयांची कमाल मर्यादा होती, ती देशभर उठली 2001 साली. पण साडेतीनशे तरी यायला हवे होते ना. दिवाळीनंतर समन्स निघायचं, वडील पार कोल्हापूरकडं फडात. शिपाई गावात जाऊन यायचा, शेरा पडायचा 'मिळून आला नाही'. पुढची तारीख. दर तारखेला आईची एक दिवसाची मजुरी बुडायची, वर एसटीचं भाडं, वर वकिलाचे पन्नास. मी मोठी झाल्यावर एकदा हिशोब मांडला, तर आईनं खावटी मिळवण्यासाठी घातलेले पैसे मिळालेल्या खावटीपेक्षा जास्त भरले.

शेवटी वॉरंट निघालं आणि वडील महिनाभर जेलमध्ये बसले. कायदा तसा आहे, थकलेल्या एकेका महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद. जेल भोगली म्हणून देणं माफ होत नाही, सर्वोच्च न्यायालयानं हे 1989 सालीच स्पष्ट केलंय. पण आत बसलेला माणूस कमवणार काय? मुकादमाची उचल आधीच खर्चून बसलेली, टोळी त्याला सोडून निघून गेली, अंगावरचं कर्ज पुढच्या हंगामाला दुप्पट. आम्हाला त्या महिन्यात काहीच मिळालं नाही. गावात मात्र आईचं नाव पडलं, 'हिनं नवऱ्याला आत घातलं'. ती शेवटपर्यंत त्याच नावानं जगली.

मला वडिलांना सोडवायचं नाहीये. त्यांनी जे केलं ते वाईटच केलं. पण नोकरदार बाप आणि तोडणी कामगार बाप यांना एकाच कायद्यानं मोजून चालत नाही, हे मी माझ्या घरात बघितलंय. नोकरदाराच्या पगारातून खावटी कापून घेता येते. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही बाजूंनी उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं आणि खावटी अर्जाच्या तारखेपासून धरावी असं सांगितलं. चांगलंच झालं. पण ज्याची मजुरी कामाच्या आधीच उचल म्हणून खाऊन झालेली असते, त्याच्या शपथपत्रात लिहायचं काय आणि जप्त करायचं काय?

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. लेकराचे पैसे सरकारनं दर महिन्याला आधी द्यावेत आणि बापाकडून वसुली सरकारनं करावी. मायनं नाही. हे काही मी स्वप्नात बघितलेलं नाही. जर्मनीत 1980 पासून अशी व्यवस्था आहे, बाप देत नसेल तर राज्य लेकराला देतं आणि नंतर बापाच्या मागं लागतं. अमेरिकेचंही वाचलं, ते मात्र आपण घेऊ नये. तिथं सरकारी मदत घेणाऱ्या मायला खावटीचा हक्क राज्याकडं लिहून द्यावा लागतो, आणि बऱ्याच राज्यांत बापानं भरलेला पैसा लेकरापर्यंत न जाता त्या मदतीच्या भरपाईत जमा होतो. गरीब बापाच्या डोक्यावर थकबाकी चढत जाते, तो जेलमध्ये जातो, लेकरू तिथंच. आपल्याकडं वसुली करायची तर बापाची ऐपत बघून हप्ते पाडावेत, आणि जे वसूल होईल त्यातला पहिला रुपया लेकराचा असावा.

आपल्याकडं याची सुरुवात आहे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत 2023 पासून एका लेकराला महिना 2,250 रुपये आहेत, अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत. आधी ते 1,100 होते. एकट्या मायच्या लेकरांनाही ती लागू आहे. 2,250 म्हणजे खेड्यात लहान गोष्ट नाही, वह्या, दवाखाना, तेल, सगळं निघतं. पण ते वेळेवर आले तर. माझ्या शाळेतल्या एका लेकराचे आठ महिने आले नव्हते, नंतर एकदम आले, तोवर मायनं सावकाराकडून उचललेले होते.

आणि कागद! विधवेकडं मृत्यूचा दाखला तरी असतो. टाकून दिलेल्या बाईकडं काय असतं? तिचं नाव अजून सासरच्या रेशनकार्डावर, लेकराच्या आधारवर बापाच्या गावचा पत्ता, आणि नाव कमी केल्याचा दाखला आणायला तिला त्याच दारात जावं लागतं जिथून तिला हाकललं. संजय गांधी निराधार योजनेत परित्यक्तेला 1,500 मिळतात, पण उत्पन्नाची अट वर्षाला 21,000. दिवसाला साठ रुपयेसुद्धा नाहीत. खुरपायला गेलेली बाई एका दिवसात त्याच्या कितीतरी पट कमावते, तर मग ती निराधार नाही का? तिनं उत्पन्नाचा खरा दाखला काढला तर पैसे मिळत नाहीत, म्हणून खोटा काढायला लावतो आपण.

लाडक्या बहिणीचे दीड हजार सुरू झाले तेव्हा काही जण मला म्हणाले, आता खावटीची काय गरज. अहो, ते पैसे बाईचे आहेत, एक लेकरू असो की चार, तेवढेच. लेकराच्या नावानं काही नको का?

कालच्या बाईला घेऊन मी सोमवारी तालुक्याला जातेय, वसुलीचा अर्ज टाकायला. कोर्टाच्या आवारात विधी सेवा समिती असते, महिलांना आणि लेकरांना तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हे सगळ्यांना सांगा.

आमच्या आसपासच्या गावांत कुणाच्या लेकराचा बालसंगोपनचा अर्ज अडकला असेल तर रविवारी सकाळी माझ्या घरी या. शाळेचं बोनाफाईड मी काढून ठेवते. आधार, बँकेचं पासबुक आणि असतील ते कोर्टाचे कागद आणा. रेशनकार्ड वेगळं झालेलं नसलं तरी या, त्याचं काय करायचं ते बसून बघू. आणि निकालाला वर्ष होत आलं असेल तर रविवारची वाट बघू नका, उद्याच या.