पुण्याच्या वायफायला आधी माणूस द्या, मग खांब

दर थोड्या वर्षांनी कुणीतरी "संपूर्ण पुणे वायफाय" अशी घोषणा करतं, मग ग्रुपवर नकाशे फिरायला लागतात, औंधपासून हडपसरपर्यंत सगळं निळं रंगवलेलं. विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे म्हणून सविस्तर लिहितोय, पोस्ट लांबेल, पण पूर्ण वाचा प्लीज.

आपल्याकडे हे पहिल्यांदा होत नाहीये. 2006 साली महापालिकेने इंटेलला सोबत घेऊन 'अनवायर पुणे' काढलं होतं, तेव्हा स्मार्टफोन कुणाकडे नव्हता, लॅपटॉपवाल्यांचा जमाना, आणि शहरभर काही ते कधी झालं नाही. त्याच सुमाराला अमेरिकेत फिलाडेल्फियाने हेच करायला घेतलं. पालिकेचा पैसा लागणार नाही, अर्थलिंक नावाची कंपनी स्वतःच्या खर्चाने यंत्रं लावेल आणि लोकांच्या मासिक वर्गणीतून वसूल करेल असं ठरलं. रस्त्यावर सिग्नल यायचा पण घरात शिरायचा नाही, घरात हवा असेल तर वेगळं यंत्र घ्या, ग्राहक पुरेसे मिळाले नाहीत आणि 2008 मध्ये कंपनीने अंग काढून घेतलं. नंतर आपल्याकडे स्मार्ट सिटीच्या काळात गुगल स्टेशनचं (गुगलची सार्वजनिक जागांवरची फुकट वायफाय सेवा) वायफाय बागांमध्ये, दवाखान्यांमध्ये आलं, तर 2020 च्या फेब्रुवारीत गुगलने ती सेवाच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं, मोबाइल डेटा आता स्वस्त झालाय म्हणून.

पण एक गोष्ट बघा. त्याच गुगल स्टेशनचं रेल्वे स्टेशनांवरचं वायफाय बंद पडलं नाही. 2016 ला मुंबई सेंट्रलपासून सुरू झालेलं, 400 स्टेशनांवर पोचलेलं, गुगल गेलं तरी रेलटेलने, म्हणजे रेल्वेच्याच दूरसंचार कंपनीने, पुढे चालू ठेवलं. कसं जमलं? रुळांच्या कडेने त्यांची स्वतःची फायबर आहे, वीज आहे, जागा रेल्वेची आहे आणि बिघडलं तर बघायला माणसं आहेत. मला पुण्यासाठी नेमकं हेच म्हणायचंय. यंत्र लावायचा खर्च सगळे मोजतात, चालवायचा खर्च कुणी धरत नाही, आणि हे असले प्रकल्प तिथेच मरतात.

आता निळ्या नकाशाचा हिशोब करू. गावं समाविष्ट झाल्यावर पालिकेची हद्द 500 चौरस किलोमीटरच्या आसपास गेलीय. एक आउटडोअर अॅक्सेस पॉइंट, म्हणजे खांबावर लावायचं वायफायचं यंत्र, चारी बाजूंना 100 मीटर व्यवस्थित चालतो असं उदार मनाने धरलं तरी एका चौरस किलोमीटरला 30-32 लागतात, म्हणजे अख्ख्या शहराला सोळा हजारांच्या आसपास, आणि तेही भिंती, झाडं, इमारती काहीच मधे नाहीत असं समजून. बरं, पॉवर वाढवून भागत नाही. खांबावरचं यंत्र लांबपर्यंत ओरडू शकतं पण आपल्या खिशातल्या फोनचा आवाज बारीक, त्याचं उत्तर तिथवर पोचत नाही, म्हणून कांड्या फुल दिसतात आणि पान उघडत नाही. त्यात वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या बँडमध्ये, म्हणजे रेडिओ लहरींच्या पट्ट्यात, एकमेकांवर न चढणारे चॅनेल फक्त तीन, 1, 6 आणि 11, आणि पेठांमध्ये प्रत्येक घरातला राउटर त्याच तिनांत भांडत असतो.

विजेचं तर कुणी बोलतच नाही. "स्ट्रीटलाइटच्या खांबावर लावून टाकू" हे मी इतक्या वेळा ऐकलंय. अहो, त्या खांबांची लाइन बहुतेक ठिकाणी संध्याकाळी चालू होते आणि सकाळी बंद! दिवसा तिथे करंटच नाही. म्हणजे वेगळी केबल, वेगळा मीटर, नाहीतर बॅटरी, आणि बॅटरी आली की दोन-तीन वर्षांत ती बदलायची कुणी हा प्रश्न आला. मग फायबर. पावसाळ्याआधी आपल्याकडे जी खोदाई चालते त्यात जेसीबीच्या एका फटक्यात केबल तुटते, आणि त्या दिवसापासून जोडणार कोण, पैसे देणार कोण यावर पथ विभाग, विद्युत विभाग आणि ठेकेदार यांची पत्रापत्री. तोपर्यंत लोकांनी ते वायफाय वापरणं सोडलेलं असतं आणि एकदा सोडलं की परत कुणी लावून बघत नाही.

बरं, गरज कुणाला आहे? रस्त्याने चालत जाणाऱ्याला नाही, त्याच्या फोनमध्ये रोजचा डेटा असतो. गरज आहे बसणाऱ्याला. सदाशिव पेठेत, शास्त्री रोडला अभ्यासिकेत दिवसभर बसणारी एमपीएससीची पोरं, ज्यांना लेक्चरचे व्हिडिओ, मोठाल्या पीडीएफ, महाडीबीटीचे (सरकारी शिष्यवृत्तीची वेबसाइट) फॉर्म सगळं मोबाइल डेटावर करावं लागतं. जुलै 2024 मध्ये तिन्ही मोठ्या कंपन्यांनी रिचार्ज महाग केले, गावाकडून मोजके पैसे येणाऱ्या मुलाला तो फरक लागतो हो. ससूनमध्ये रात्र काढणारे नातेवाईक, स्वारगेटला एसटीची वाट बघणारी माणसं, मनपा शाळांमधली मुलं. ही ठिकाणं मोजता येण्यासारखी आहेत. इथे छप्पर आहे, वीज आहे, फायबर एका दारापर्यंत आणायची आहे आणि यंत्रावर लक्ष ठेवायला आत कुणीतरी असतं.

आणि फुकट वायफायला लॉगिन करताना मोबाइलवर ओटीपी मागतात, त्याचं काहीतरी करा. 2008 मध्ये बॉम्बस्फोटांच्या वेळी नवी मुंबईतल्या एका घरातलं उघडं वायफाय वापरून धमकीचा ईमेल पाठवला गेला होता, त्यानंतर 2009 मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय वापरणाऱ्याची ओळख नोंदवायचे नियम केले. ते योग्यच आहे, माझा त्याला विरोध नाही. पण ज्याचा रिचार्ज संपून एसएमएस यायचे थांबलेत त्याला ओटीपी येणार कसा? फुकट वायफायची सगळ्यात जास्त गरज त्यालाच आहे आणि दार त्याच्याच तोंडावर बंद. फोटो ओळखपत्राची प्रत घेऊन लॉगिन द्यायची सोय त्या नियमांत होती, तर वाचनालयाच्या, अभ्यासिकेच्या काउंटरवर ओळखपत्र बघून पासवर्ड द्यायला काय हरकत आहे?

बाकी चौकाचौकातलं काम पीएम-वाणीवर सोडा. डिसेंबर 2020 मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेली योजना आहे, किराणा दुकानदार किंवा चहावाला लायसन्स न घेता, फी न भरता स्वतःच्या कनेक्शनवरून वायफाय विकू शकतो. अडचण होती दराची, इंटरनेट कंपन्या अशा दुकानदाराला महागडी लीज लाइन (धंद्यासाठीचं वेगळं कनेक्शन) घ्यायला लावायच्या. जून 2025 मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, त्यावर मर्यादा घातली, 200 एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती फायबर प्लॅनच्या दुपटीपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. मला विचाराल तर दुप्पट पण जास्तच आहे. पण निदान दुकानदाराला गणित मांडता येतं.

पालिकेकडे माझी मागणी सरळ आहे. 15 क्षेत्रीय कार्यालयं आहेत, प्रत्येकाच्या हद्दीतल्या अभ्यासिका, वाचनालयं, दवाखाने, शाळा एवढंच आधी घ्या. पाण्याला जसा भागाचा व्हॉल्व्हमन असतो, लोकांना त्याचा नंबर पाठ असतो, तसा वायफायला प्रत्येक कार्यालयात एक टेक्निशियन द्या आणि त्याचा नंबर भिंतीवर लिहा. टेंडरमध्ये उभारणीचे पैसे थोडे आणि पुढच्या पाच वर्षांचे जास्त ठेवा, यंत्र जितके दिवस चालू तितकंच बिल, बंद असेल तर कापा. आणि कुठलं ठिकाण चालू, कुठलं बंद हे रोज वेबसाइटवर दिसू दे.

अंदाजपत्रकावर चर्चा सुरू होईल तेव्हा आपापल्या नगरसेवकाला फक्त एवढं विचारा की वायफायच्या देखभालीसाठी वेगळं बजेट हेड आहे का आणि त्यात किती रक्कम आहे. तुमच्या भागातल्या अभ्यासिकेत सध्या काय परिस्थिती आहे तेही कमेंटमध्ये लिहा, नावासकट यादी करून मी क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देणार आहे.