मंडेला, हॉटेल आणि थरथरणारा जेलर: त्या फॉरवर्डमध्ये खरं किती?

व्हॉट्सॲपवर अधूनमधून एक गोष्ट फिरत येते. दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले नेल्सन मंडेला अंगरक्षकांसोबत हॉटेलात जेवायला जातात. समोर एकट्याच बसलेल्या माणसाला ते आपल्या टेबलावर बोलावतात. तो थरथरत कसाबसा जेवतो आणि निघून जातो. अंगरक्षक म्हणतो, आजारी दिसतोय. मंडेला सांगतात, "नाही. तुरुंगात तो माझा जेलर होता. छळ झाल्यावर मी पाणी मागायचो, तेव्हा तो माझ्या डोक्यावर लघवी करायचा. आज मी सूड घेईन म्हणून घाबरला होता." शेवटी क्षमेचा महिमा आणि हात जोडलेले.

वाचून गलबलून येतं, हे खरं. पण या गोष्टीला कसलाही आधार नाही, आणि मंडेलांना सज्जन ठरवण्याच्या नादात ती त्यांचं राजकारणच पुसून टाकते.

आधी ती लघवी. रॉबेन बेटावरच्या तुरुंगाबद्दल मंडेलांनी 1994 साली आलेल्या आत्मचरित्रात सविस्तर लिहिलं आहे. चुनखडीची खाण, अंधारकोठडी, उपासमार, दांडगाई करणारे अधिकारी, सगळं आहे. हा प्रसंग मात्र नाही. असा अत्याचार त्या बेटावर झाला, पण दुसऱ्या माणसावर. वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेस या संघटनेचे जॉन्सन म्लाम्बो यांना गळ्यापर्यंत जमिनीत पुरलं आणि पहारेकऱ्याने त्यांच्या तोंडावर लघवी केली. त्यांनी वीस वर्षं तुरुंगात काढली. त्यांचं नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय? एकाचं दुःख उचलून दुसऱ्या, जास्त प्रसिद्ध माणसाच्या नावावर टाकणं हा म्लाम्बोंवर दुसरा अन्याय आहे.

काही फॉरवर्डमध्ये "27 वर्षं त्या जेलरच्या हाती" असंही असतं, तेही चूक. मंडेलांना ऑगस्ट 1962 मध्ये पकडलं, जून 1964 मध्ये जन्मठेप झाली आणि 11 फेब्रुवारी 1990 ला ते सुटले. त्यातली सुमारे 18 वर्षं रॉबेन बेटावर गेली. 1982 मध्ये त्यांना केपटाऊनजवळच्या पोल्समूरला हलवलं, शेवटी व्हिक्टर व्हर्स्टर तुरुंगात. एवढ्या वर्षांत पहारेकरी बदलत राहिले. काही क्रूर होते, काहींशी जन्माची ओळख झाली. छळ खरा होताच, पण तो एका दुष्ट माणसाचा नव्हता, नियमपुस्तकातला होता. सुरुवातीला सहा महिन्यांतून एक पत्र, एक भेट. कपडे आणि जेवणसुद्धा वर्णावर: सहकैदी अहमद कथराडा भारतीय वंशाचे म्हणून त्यांना लांब पँट आणि पाव, मंडेला आफ्रिकन म्हणून त्यांना अर्धी चड्डी, आणि पाव नाही. दोघांवर खटला एकच, शिक्षाही एकच. फॉरवर्डमधला जेलर एकटाच राक्षस ठरला की हे नियम लिहिणारे सुटतात.

आता मुकाट्याने सोसणारे मंडेला. हे चित्र तर सगळ्यात खोटं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला बेटावर बाडेनहॉर्स्ट नावाचा अत्यंत कठोर कमांडर आला. तीन न्यायाधीश पाहणीला आले, तेव्हा मंडेलांनी एकांतात बोलायला नकार दिला आणि कमांडरसमोरच कैद्यांना झालेल्या मारहाणीची तक्रार मांडली. बाडेनहॉर्स्टने बोट नाचवत धमकावलं, तसे मंडेला न्यायाधीशांकडे वळले: तुमच्यादेखत हा असा बोलतो, तर तुमच्या माघारी काय करत असेल? न्यायमूर्ती कॉर्बेट यांनी कैद्याचं म्हणणं बरोबर असल्याचं तिथल्या तिथे सांगितलं. काही महिन्यांत बाडेनहॉर्स्टची बदली झाली. 10 मे 1994 ला मंडेलांना राष्ट्राध्यक्षपदाची शपथ दिली ती याच मायकल कॉर्बेट यांनी, सरन्यायाधीश म्हणून. एवढी अस्सल घटना हाताशी असताना हॉटेलची बनवाबनवी कशाला लागते?

"सूड नाही, हिंसा नाही" असंही त्या मजकुराच्या काही आवृत्त्यांत असतं. सूड नाही, हे कबूल. पण 1961 मध्ये उमखोंतो वी सिझ्वे ही सशस्त्र संघटना उभारण्यात मंडेला पुढे होते, आणि 1985 मध्ये हिंसेचा त्याग करण्याच्या अटीवर राष्ट्राध्यक्ष बोथा सुटका देत होते, ती त्यांनी नाकारली.

जेवणाचीच गोष्ट हवी असेल तर खरी सांगा. मंडेलांना जन्मठेप झाली त्या रिव्होनिया खटल्यात फाशीची टांगती तलवार होती, आणि सरकारी वकील होते पर्सी युटार. 1995 मध्ये मंडेलांनी त्यांना जेवायला बोलावलं आणि ते ज्यू म्हणून त्यांच्या धर्माप्रमाणे जेवण ठेवलं. त्याच वर्षी वर्णभेदाचे शिल्पकार फेर्वूर्ट यांच्या विधवेला भेटायला ते गोऱ्यांच्या ओरानिया वसाहतीत गेले. या भेटी जाहीर होत्या, विचारपूर्वक आखलेल्या होत्या. यादवी टाळायची होती आणि सैन्य, पोलीस, पैसा अजून गोऱ्यांकडेच होता.

आणि माफी फुकट नव्हती. वर्णभेदाच्या काळातले अत्याचार तपासणाऱ्या, आर्चबिशप डेस्मंड टुटूंच्या अध्यक्षतेखालच्या सत्य आणि समेट आयोगाकडे माफी मागणाऱ्याला गुन्हा राजकीय हेतूने केला हे दाखवावं लागे आणि सगळं खरं सांगावं लागे. सात हजारांहून जास्त अर्ज आले, बहुतेक फेटाळले गेले. 1977 मध्ये पोलीस कोठडीतल्या मारहाणीमुळे वर्णभेदविरोधी कार्यकर्ते स्टीव्ह बिको यांचा मृत्यू झाला. त्या प्रकरणातल्या पोलिसांनाही माफी नाकारली गेली. बिकोंच्या पत्नी न्त्सिकी तर माफीच्या कायद्याविरुद्धच तिथल्या घटनात्मक न्यायालयात गेल्या होत्या. त्यांना न्यायालयात खटला हवा होता. 1996 मध्ये त्या हरल्या.