‘जीवनसत्त्वच तर आहे, जहर थोडी आहे!’

हा मेसेज तुमच्याकडेही येऊन गेला असेल. वर जोडलेले हात, खाली गुलाब, मधे मजकूर: “एका मोठ्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या डॉक्टरांचा सल्ला. पन्नाशीनंतर ही सात जीवनसत्त्वं रोज घ्या, दवाखान्याची पायरी चढावी लागणार नाही. जास्त झालं तर लघवीवाटे निघून जातं, साइड इफेक्ट शून्य. औषध कंपन्यांना हे लपवायचं आहे.” ज्या कंपन्या याच गोळ्या विकतात, त्यांनाच म्हणे हे लपवायचं आहे!

आमच्या घरच्या ग्रुपवर तो होळीच्या सुमारास पडला. मी वाचला, हसले आणि विसरले. नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या माझ्या मोठ्या आईने मात्र तो हिशेबाच्या वहीत उतरवून घेतला.

मे महिन्यात मोठी आई मलूल झाली. सारखी तहान, मळमळ, पोट साफ नाही, रात्रीतून पाच-पाच वेळा लघवीला उठणं. नागपूरचा मे, पारा पंचेचाळिसाला टेकलेला. घरादाराने एकच निदान केलं, लू लागली. कैरीचं पन्हं झालं, उशाला कांदा झाला, कूलरची खस बदलून झाली. एका दुपारी तिने मला माझ्या आत्याच्या नावाने हाक मारली आणि तीन वेळा सांगूनही तिला ते कळेना, तेव्हा धंतोलीतल्या दवाखान्यात नेऊन भरती केलं. रिपोर्टमध्ये रक्तातलं कॅल्शियम १२.८. ते साडेदहाच्या आत हवं. किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारं क्रिएटिनिन वाढलेलं. आणि डी जीवनसत्त्वापुढे आकडाच नाही, नुसतं ‘१५० पेक्षा जास्त’.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “आजी, ताकदीचं काही घेता का?”

मोठी आई सलाइनच्या हाताने हवेत उडवून लावल्यासारखं करत म्हणाली, “काही नाही बाप्पा. जीवनसत्त्वच तर आहे, जहर थोडी आहे!”

मी डॉक्टर नाही, बँकेत काउंटरवर बसते. पण शून्यं मोजणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, आणि या मेसेजमध्ये सगळा घोळ शून्यांचाच आहे. म्हणून एकेक मुद्दा घेते.

“भारतात ९० टक्के लोकांना डी कमी आहे. रोज एक ६०,०००ची कॅप्सूल आणि सकाळ-संध्याकाळ कॅल्शियम घ्या.”

आधी यातलं खरं ते कबूल करते, नाइलाजाने. ९० हा आकडा कुठून आणला ते मेसेजवाल्यालाच ठाऊक, पण आपल्याकडे डीची कमतरता खूप आहे, यात वाद नाही. एवढं ऊन असून कसं, असं विचारणाऱ्याने सकाळी दहाला व्हरायटी चौकात उभं राहावं. गाडीवरची प्रत्येक पोरगी डोळे सोडून सगळी स्कार्फमध्ये गुंडाळलेली, हातात कोपरापर्यंत मोजे. उरलेले आम्ही काचेआड एसीत, आणि ज्या किरणांमुळे कातडीत डी तयार होतं ते खिडकीच्या काचेतून येतच नाहीत.

६०,००० युनिटची कॅप्सूलही खरीखुरी आहे, डॉक्टर ती देतात. पण डी कमी निघालं तर, आठवड्यातून एक, साधारण आठ आठवडे. मेसेजमध्ये फक्त ‘आठवड्यातून’ हा शब्द गळला आणि त्या जागी ‘रोज’ आला.

आता आकडे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने, म्हणजे आयसीएमआरच्या एनआयएनने, २०२० साली भारतीयांसाठी कोष्टक काढलं. कोणतं पोषकद्रव्य रोज किती लागतं आणि किती प्रमाण ओलांडू नये, दोन्ही त्यात आहे. डीची मोठ्या माणसाची रोजची गरज ६०० युनिट. वरची मर्यादा ४,००० युनिट. मोठी आई रोज घेत होती ६०,०००, म्हणजे मर्यादेच्या पंधरा पट आणि गरजेच्या शंभर पट.

तिच्या उशाखालच्या डब्यात मला रिकामे पत्ते सापडले, रबर लावून ठेवलेले. तिची जुनी सवय आहे, मेडिकलवाल्याला दाखवायला रिकामा पत्ता जपून ठेवायचा. चार कॅप्सूलचा एक पत्ता. आठवड्याला एक या हिशेबाने चार म्हणजे महिन्याची सोय, कंपनीने पॅकिंगमध्येच करून ठेवलेली. पंधरा पत्ते निघाले. पंधरा चोक साठ कॅप्सूल, गुणिले साठ हजार. छत्तीस लाख युनिट! रोजच्या ६००च्या गरजेने वर्षाला लागतात २,१९,००० युनिट. म्हणजे सोळा वर्षांचं डी माझ्या मोठ्या आईने दोन महिन्यांत गिळलं.

पंधरा पत्ते देताना दुकानदाराने एकदाही ‘काकू, हे कोणासाठी?’ म्हणून विचारलं नाही. मी जाऊन विचारलं, तर म्हणाला, “ताई, व्हिटॅमिनच आहे, आजकाल सगळेच नेतात.”

आता ते ‘लघवीवाटे निघून जातं’. हे वाक्य या मेसेजचं खरं विष आहे, कारण त्याने बाकी सगळ्याची भीती घालवली. बी आणि सी पाण्यात विरघळतात, त्यांचं जास्तीचं बऱ्यापैकी बाहेर पडतं. (तिथेही बी६चे मोठे डोस महिनोन्‌महिने घेतले तर नसांना इजा होते, हातापायाला मुंग्या येतात.) ए, डी, ई आणि के चरबीत विरघळतात. डी तर शरीराच्या चरबीत जाऊन बसतं आणि आठवडे-महिने तिथून झिरपत राहतं. ते आतड्यातून कॅल्शियम जास्त ओढून घेतं, हाडातलंही बाहेर काढतं, आणि वरून ही बाई दिवसाला दोन कॅल्शियमच्या गोळ्या घेत होती. रक्तात कॅल्शियम चढलं की तहान, लघवी, उलटी, बद्धकोष्ठ, भ्रम आणि शेवटी किडनी. नागपूरच्या उन्हाळ्यात ही सगळी लक्षणं ‘लू’च्या नावावर खपतात. आम्ही तिला पन्हं पाजत होतो आणि ती त्याच ग्लासाने कॅल्शियमची गोळी गिळत होती.

सलाइन, औषधं, पाच दिवस. कॅल्शियम उतरलं, ती माझं नाव बरोबर घ्यायला लागली. पण डॉक्टरांनी तपासण्या पुढचे कित्येक आठवडे लावल्या आहेत, कारण चरबीतला साठा एका दिवसात रिकामा होत नाही.

“व्हिटॅमिन ई ४०० रोज. पुरुषांना प्रोस्टेटचा कॅन्सर होत नाही.”

हे वाचून मला हसावं की रडावं कळेना. नेमका हाच प्रश्न घेऊन अमेरिकेत आणि आसपास पस्तीस हजारांवर पुरुषांची चाचणी झाली, सिलेक्ट नावाची. डोस हाच, रोज ४०० युनिट ई. २०११ साली निष्कर्ष छापून आला: नुसतं ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर कमी नाही, १७ टक्के जास्त. मेसेज लिहिणाऱ्याने आकडा बरोबर उचलला, फक्त निकाल उलटा लावला. आमच्या काकाजींनी हे दोन महिने घेतलं. त्यांना मी हा निकाल वाचून दाखवला, तेव्हापासून ते मेसेजवर नाही, माझ्यावर रागावलेत.

“हिमोग्लोबिन १२च्या खाली गेलं की लगेच लोहाच्या गोळ्या.”

दुसऱ्या कुठल्या गावात मी यावरून पटकन पुढे गेले असते. विदर्भात नाही. आपल्याकडे सिकलसेल आहे, थॅलेसेमिया मायनर आहे, दोन्ही रक्ताचे आनुवंशिक दोष, आणि बऱ्याच जणांना आपल्याला ते आहे हे माहीतही नसतं. थॅलेसेमिया मायनर असलेल्याचं हिमोग्लोबिन जन्मभर थोडं कमीच राहतं, लोह पुरेसं असलं तरी. सिकलसेलच्या रुग्णाच्या लाल पेशी लवकर फुटतात, म्हणून हिमोग्लोबिन घसरतं, पण फुटलेल्या पेशीतलं लोह अंगातच राहतं. आधी तपासणी न करता वरून गोळ्या सुरू केल्या तर नको तिथे लोह साचत जाणार. फेरिटिनची, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याची, तपासणी करून घ्या, आणि घरात कुणाला सिकलसेल असेल तर त्याचीही. मोठ्या वयात हिमोग्लोबिन उतरलं तर रक्त जातंय कुठून हेही बघावं लागतं. मूळव्याध असेल, अल्सर असेल, त्याहून वाईटही असेल, आणि गोळ्या घेत बसलं तर ते कळायला उशीर होतो.

एक गोष्ट मात्र उलट्या बाजूने सांगते. गरोदर पोरींनो, आशाताई देतात त्या लोह-फॉलिकच्या लाल गोळ्या बंद करू नका. त्या कुण्या फॉरवर्डच्या भरवशावर दिलेल्या नाहीत. घरात सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल तर तेवढं आधी सांगा.

“बी१२साठी स्पिरुलिना, शंभर टक्के शाकाहारी.”

यात अर्ध खरं आहे, आणि ते अर्ध महत्त्वाचं आहे. शाकाहारी माणसाला बी१२ कमी पडतं, हे खरंच. भाजीपाल्यात ते नसतं, दूध-दह्यातून थोडं मिळतं. शुगरसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं आणखी कमी होतं, रोज उठून अॅसिडिटीची गोळी घेणाऱ्यांचंही. मोठी आई बारा वर्षं मेटफॉर्मिनवर आहे, कट्टर शाकाहारी आहे, आणि तिचं बी१२ खरोखरच तळाला होतं. म्हणजे सातांपैकी जे एक तिला लागत होतं, त्याच्या नावाखाली ती हिरवी पावडर खात होती. स्पिरुलिना म्हणजे एक प्रकारचं शेवाळ, त्यात जे आहे ते बी१२सारखं दिसतं, पण आपल्या शरीराला ते वापरता येत नाही. तळपायाला मुंग्या येत होत्या तिला, वर्षभर. ‘वय झालं’ म्हणून सोडून दिलं होतं आम्ही. साधी बी१२ची गोळी सुरू केली आहे.

“सी १०००, सर्दी जवळ फिरकणार नाही.”

फिरकते. सगळ्या चाचण्या एकत्र करून २०१३ साली कोक्रेन या संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने जो आढावा घेतला, त्यात रोज सी घेणाऱ्या सामान्य माणसांना सर्दी तेवढ्याच वेळा झाली. मोठ्यांमध्ये ती साधारण ८ टक्के लवकर बरी झाली, म्हणजे आठवड्याच्या सर्दीत अर्धा दिवस वाचला. एनआयएनच्या कोष्टकात सीची रोजची गरज पुरुषाला ८० आणि बाईला ६५ मिलिग्रॅम. एका पेरूत भागतं. संत्र्यांच्या गावात राहून फेसाळणारी संत्र्याच्या वासाची गोळी पाण्यात टाकून पिणाऱ्यांना मी काय बोलणार? किडनी स्टोनचा त्रास असलेल्यांनी तर हजारहजारचे डोस लांबच ठेवावेत.

बायोटिन, ओमेगा-३. केस गळतात म्हणून बायोटिन घेत असाल तर रक्त तपासायच्या आधी लॅबवाल्याला सांगा. मोठ्या डोसने थायरॉइडचे रिपोर्ट चुकतात, हृदयविकाराच्या झटक्यात बघतात ते ट्रोपोनिनही खोटं कमी दिसू शकतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, २०१७ साली याबद्दल सावध केलं होतं. ओमेगा-३ वर व्हायटल नावाची चाचणी झाली, २५,८७१ जणांवर, पाचेक वर्षं. हृदयविकार टाळण्याचं जे मुख्य मोजमाप ठरवलं होतं, त्यात फरक पडला नाही. त्याच चाचणीत रोज २,००० युनिट डीही दिलं होतं. कॅन्सर आणि हृदयविकार त्यानेही कमी झाले नाहीत.

“पण काहीच घ्यायचं नाही का मग?” असं ग्रुपवर माझ्या मामेभावाने विचारलं, थोडं चिडूनच. घ्या ना. काय कमी आहे ते तपासून घ्या, किती दिवस ते विचारून घ्या, आणि आधीपासून काय चालू आहे ते डॉक्टरला सांगून घ्या. थायरॉइडच्या गोळीनंतर चार तास तरी कॅल्शियम किंवा लोह घेऊ नये, रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनवर असलेल्याने के जीवनसत्त्वाशी खेळू नये. डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं इंग्रजीत छापलेलं असतं, हेल्थ सप्लिमेंटवर ते छापणं कायद्याने बंधनकारक आहे. तेवढं एकदा घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

मोठी आई आता घरी आहे. डब्यात शुगरची गोळी, बीपीची गोळी आणि बी१२. परवा गेले तर तिने उशाखालून एक पत्ता काढला, न फोडलेला, चार कॅप्सूलचा.

“हे पाय, पैसे तर गेलेच ना. आता हप्त्याला एक-एक घेऊ का?”

“मोठी आई, अजून तुझं डी खाली यायचं आहे.”

“मग खाली आल्यावर घेऊ?”

तो पत्ता सध्या माझ्या स्कूटीच्या डिक्कीत आहे.