दगड, ३८ अंश आणि ते ८ किलोपास्कल: लॅबचं उत्तर

नमस्कार सर,

दोन तारे देताना आपण तीन गोष्टी लिहिल्यात: वाळू-खडीच्या नमुन्यातले दगड आम्ही परस्पर काढले, दुसऱ्या लॅबने ४४ अंश दिलेला घर्षणकोन (कण एकमेकांवर घसरायला किती विरोध करतात त्याचं माप) ३८ वर आणला, आणि कोरड्या वाळूला ८ किलोपास्कल कोहेजन (म्हणजे कणांचा आपसातला चिकटपणा) दाखवून हसं करून घेतलं.

दगडांच्या बाबतीत चूक आमची. पोत्यात ४० मिमीपर्यंतचे गोटे होते आणि चाचणी मागितलेली ६० मिमीच्या शिअर बॉक्समधली, म्हणजे वरचा-खालचा अर्धा भाग आडवा सरकवून माती कातरणाऱ्या पेटीतली. त्यात नमुना जेमतेम २५ मिमी जाड. मधे एक गोटा आला की तो पेटीच्या कडांना अडतो आणि आकडा भलताच चढतो. म्हणून ४.७५ मिमीच्या चाळणीवर राहिलेलं काढावंच लागतं. पण ते वजनाने २७ टक्के भरलं, तेव्हाच आपल्याला फोन जायला हवा होता. आम्ही ते तळटीपेत ढकललं. दगड फेकलेले नाहीत, बांधून ठेवलेत.

८ किलोपास्कल मात्र मागे घेणार नाही. ५०, १०० आणि २०० किलोपास्कल उभ्या दाबाला कातरताण (नमुना सरकवायला लागलेला आडवा ताण) आला ४६, ८६ आणि १६२. आलेखावर एकेक बिंदू शून्याशी जोडून त्या रेषेचा कोन बघा: ४२.६, ४०.७, ३९ अंश. दाब वाढला की कणांना एकमेकांवर चढणं जड जातं, कोन उतरतो. अशा वाकत्या बिंदूंवर सरळ रेषा बसवली की तिचा कोन ३८ अंश येतो आणि ती उभ्या अक्षाला ८ वर छेदते. तो ८ म्हणजे खरा चिकटपणा नव्हे, डिझाइनमध्ये धरू नका. एवढं एक वाक्य अहवालात हवं होतं, हे कबूल.

राहिले ४४. त्या अहवालात नमुना किती घनतेला भरला होता आणि दाब किती होते, ते आधी बघा. आपण साइटची घनता कळवली नव्हती, म्हणून आम्ही ६० टक्के सापेक्ष घनता (सगळ्यात सैल भरलेली वाळू शून्य, सगळ्यात घट्ट शंभर) धरली (आणि विचारलं नाही, तेही आमच्याच माथी). तीच वाळू ठासून भरली आणि दाब कमी ठेवला तर ४४ येऊ शकतात.

साइटची घनता पाठवा. ३०० मिमीच्या पेटीत चाचणी पुन्हा करू, फी नाही. तिथेही २५ मिमीपर्यंतचेच दगड चालतील, त्यावरचे काढू, पण यावेळी आधी सांगून. तीन नमुन्यांना साधारण ७५ किलो माल लागेल, तेव्हा अजून एक-दोन पोती पाठवावी लागतील.

लॅबचालक